ईसीएम बदलण्याआधी काय काय तपासायचं: जुनी एसयूव्ही आणि उसाचा ट्रक

प्रश्न थोडक्यात असा आहे. गगनबावड्याच्या एका वाहनमालकांकडे २००९ची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून मोठ्या प्रेशरचं डिझेल देणारी) डिझेल एसयूव्ही आहे. वैभववाडीहून करूळ घाट चढून येताना इंजिन एकदम बंद पडतं आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू होतं. स्कॅनरवर पी०३३५ हा दोषाचा कोड आला, तो उडवला, पुन्हा आला. दोन ठिकाणी ‘ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, बदलावा लागणार’ असं सांगितलंय. त्यांचाच २०१३चा २४ व्होल्टचा कॉमन रेल ट्रक ऊस वाहतुकीला असतो. बॉडीचं वेल्डिंग आणि रंगकाम करून आणल्यापासून त्याचा इंजिन लाइट विझत नाही आणि गाडी १५०० आरपीएमच्या वर रेझ घेत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत दोन्ही ईसीएम बदलावेत का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, एसयूव्हीचा ईसीएम अजिबात बदलू नका. गाडी थंड झाली की पहिल्या सेल्फला सुरू होते आणि कोडही क्रँक सेन्सरच्या (क्रँकशाफ्ट फिरून कुठे आलाय ते सांगणाऱ्या) सर्किटचा आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय आधी सेन्सरवर, मग त्याच्या कपलरवर (वायरी जोडायच्या सॉकेटवर), मग वायरिंगवर. ईसीएमचा नंबर त्यानंतर. ट्रकचं प्रकरण वेगळं आहे, वेल्डिंगमुळे तिथे थोडी धास्ती आहे, पण तिथेही मला आधी अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची चेसीस-इंजिनशी जोडणी) बघायचंय.

‘ईसीएम गेला’ हे आपल्याकडे फार पटकन बोललं जातं, आणि त्यापायी गरीब गाडीमालकांचे हजारो रुपये फुकट जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं. कारणही समजतं. आपले बहुतेक जुने मिस्त्री पंप-नोझलच्या (साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या) गाड्यांवर तयार झाले. त्या इंजिनला वीज लागायची ती फक्त पंपावरच्या बंद करणाऱ्या सोलेनॉइडला. तिथे बॅटरीची एक वायर दिली की इंजिन चालू. २००५च्या सुमारास आपल्याकडच्या एसयूव्हींमध्ये कॉमन रेल यायला लागलं आणि डिझेल कधी, किती सोडायचं हे सगळं त्या बंद डब्याकडे गेलं. डबा उघडून दिसत नाही, म्हणून दोष त्याच्यावर. खरं तर तो डबा गाडीतल्या सगळ्यात टिकाऊ वस्तूंपैकी एक आहे. बाहेरची वायर, कपलर, अर्थ आणि सेन्सर हे मात्र उष्णता, पाणी, धूळ आणि हादरे सोसत असतात.

आता पी०३३५. याचा अर्थ ‘क्रँक सेन्सर खराब’ असा नाही. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो कोड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या दोन-तीन वायरी आल्या, दोन्हीकडचे कपलर आले आणि ईसीएमच्या आतला तो भाग आला. फ्लायव्हीलच्या बाजूला किंवा पुढे पुलीपाशी दात्यांची एक चकती असते. बहुतेक बॉश सिस्टिममध्ये तिच्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळतं. हा सिग्नल तुटला की डिझेल कधी सोडायचं हे ईसीएमला समजत नाही, आणि तो इंजेक्टर बंद करतो. म्हणजे तुमची गाडी बंद पडते तेव्हा ईसीएम आपलं काम नीट करत असतो.

पुढच्या वेळी गाडी घाटात बंद पडली तर आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरतंय, तरी काटा झटक्यात शून्यावर आला तर क्रँकचा सिग्नल गेला असं समजा. डिझेल कमी पडून गाडी बंद पडते तेव्हा आधी पिकअप जातो, झटके बसतात, मिसिंग होतं, मग इंजिन मरतं. चावी काढल्यासारखी एका क्षणात बंद पडली तर ती विजेची भानगड आहे. मग रस्त्याच्या कडेला गाडी सुरक्षित लावा आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरताना ऐकू येतंय आणि स्कॅनर शून्य आरपीएम दाखवतोय, तर दुसरा पुरावाही मिळाला.

तिसरी परीक्षा सगळ्यात सोपी. सेन्सर हाताला येत असेल तर ओलं फडकं पिळून त्याच्यावर दोन मिनिटं ठेवा. एरवी वीस मिनिटं थांबावं लागणारी गाडी लगेच सुरू झाली तर चोर सापडला. आत अगदी बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. जुनं झालं की ते गरम झाल्यावर कुठेतरी सुटतं आणि थंड झालं की पुन्हा टेकतं. म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या थंड गाडीवर हा दोष सापडत नाही. मीटर ठीक दाखवतो, मग ‘सेन्सर ओके, ईसीएम गेला’ असा निष्कर्ष निघतो. तपासायचं असेल तर गाडी गरम असताना, बंद पडलेल्या अवस्थेत तपासा. दोन वायरींच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण काही शे ओहमपासून हजारभर ओहमपर्यंत असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर बोलायलाच नको.

इथे एक काळजी घ्या. तीन वायरी दिसल्या म्हणून सेन्सर हॉल पद्धतीचाच (वेटोळ्याऐवजी आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असेल असं नाही. काही ठिकाणी तिसरी वायर नुसती शिल्ड, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणारं आवरण, असते. पण तो खरोखर हॉल सेन्सर असेल तर त्याला ओहममीटर लावू नका, त्यातून काही कळत नाही. त्याला सप्लाय येतोय का आणि सेल्फ मारताना सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज वर-खाली होतंय का, ते बघायचं.

सेन्सर काढाल तेव्हा त्याचं टोक बघा. आत चुंबक असतो, त्यामुळे क्लचपाशी तयार झालेला लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. तो पुसून काढा. अलीकडे क्लचचं काम झालं असेल तर चकतीचा एखादा दाता वाकलाय का तेही टॉर्च मारून बघा. सेन्सर घेताना ओरिजिनल किंवा त्याच दर्जाचा घ्या. बाजारातल्या स्वस्त सेन्सरांचं टोक कमी-जास्त लांबीचं असतं, मग दात्यापासूनचं साधारण एक मिलिमीटरचं अंतर बिघडतं आणि पुन्हा तोच कोड येतो. मग म्हणणार, ‘सेन्सर बदलला तरी कोड येतोय, म्हणजे ईसीएमच.’

सेन्सर बदलूनही गाडी बंद पडली तर पुढचा संशय मेन रिलेवर. हा रिले ईसीएमला वीज देतो. आतला एखादा जोड तडकलेला असला तर तो गरम झाल्यावर सुटतो. ओळखायची खूण अशी: गाडी बंद पडल्यावर चावी ऑन केली की इंजिन लाइट क्षणभर पेटायलाच हवा. पेटलाच नाही तर ईसीएमला वीज पोहोचलेली नाही. (सेकंड-हँड गाडी असेल तर तो दिवा मुळात जोडलेला आहे ना, हे आधी बघा. विकताना कुणी तो काढूनही ठेवतं.) त्याच मापाचा दुसरा रिले गाडीतच असतो, हॉर्नचा किंवा फॅनचा. पिना आणि नंबर जुळत असतील तर तो अदलाबदल करून बघायला एक पैसा लागत नाही.

वीज पोहोचतेय की नाही हे मीटरने बघताना बरेच जण फसतात. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत राहिली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून ईसीएमचा कपलर काढून, त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. पूर्ण तेजाने पेटला तर वायर खरी. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी सडलंय. कपलरच्या पिनांत जाड प्रोब खुपसू नका. पिन पसरली की नवा दोष तुम्हीच तयार केला. बारीक टाचणीने मागच्या बाजूने तपासा. त्यानंतर अर्थ. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून, घासून, घट्ट करा. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज किंवा तपासून घेतल्याशिवाय बाकीचं काहीही तपासू नका. कमी व्होल्टेजवर ईसीएम एकमेकांशी संबंध नसलेले कोड टाकतो.

सेन्सरांना मिळणाऱ्या ५ व्होल्टबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझ्या अनुभवात चांगला ईसीएम काढून टाकण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. रेल प्रेशर (डिझेलच्या नळीतला दाब), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), पेडल अशा सेन्सरांना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट तयार करून देतो, आणि एकेका लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. गल्लीतल्या एका घराची पाइप फुटली की सगळ्यांच्या नळाचं प्रेशर जावं, तसं एका ठिकाणी शॉर्ट झालं की त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम चुकीचं सांगायला लागतात. स्कॅनरवर चार-पाच कोड एकत्र येतात, त्यांत पी०६४१ किंवा पी०६५१ हा रेफरन्स व्होल्टेजचाही असतो. एवढे कोड बघून माणूस घाबरतो.

अशीच एक एसयूव्ही माझ्याकडे उचगावहून टोचन करून आली होती. रेल प्रेशर, बूस्ट, पेडल, सगळ्यांचे कोड. रेल सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्टच्या जागी दीडच्या आसपास व्होल्टेज होतं. चावी ऑन ठेवून मी त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सोडत गेलो. एखाद्या सेन्सरच्या पोटातच शॉर्ट असेल तर त्याचा कपलर काढताच मीटर पाचवर उडी मारतो. इथे सगळे सोडले तरी व्होल्टेज हललं नाही. मग बॅटरी काढली, ईसीएमचा कपलर काढला आणि ५ व्होल्टच्या वायरीचा बॉडीशी रेझिस्टन्स मोजला. जवळजवळ शून्य. म्हणजे ईसीएम बाहेर आहे, सेन्सर बाहेर आहेत आणि तरी वायर बॉडीला टेकलेली आहे. दोष नुसत्या वायरिंगमध्ये. हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत हलवत इंजिनच्या मागच्या बाजूला गेलो. ईजीआरच्या (धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या) पाइपजवळ एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर ती वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. क्लिप तुटल्यामुळे हार्नेस तिथे लोंबत होता. वायर सोल्डर करून, हीट श्रिंक चढवून, नवीन क्लिप लावली आणि मीटरवर पूर्ण ५ व्होल्ट आले. त्या गाडीसाठी जुन्या ईसीएमची ऑर्डर दिलेली होती.

ईसीएम कधी खराब होतच नाही, असं मी म्हणत नाही. सप्लाय बरोबर आहे, अर्थ बरोबर आहे, सगळे सेन्सर सोडलेत, वायर कुठेही टेकलेली नाही आणि तरी ५ व्होल्ट येत नाहीत, तर ईसीएम संशयित. आत पाणी शिरून पिना हिरव्या झाल्यात, तरीही संशयित. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांचे कपलर वरून चकचकीत दिसले तरी आतला गाळ आणि गंज पुढे कितीतरी महिने त्रास देत राहिला. गाडी पाण्यात गेली तर चावी फिरवायचीच नाही. आधी बॅटरी काढा, मग कपलर उघडून धुऊन वाळवा. पाण्यात उभ्या गाडीची चावी ऑन केली की भिजलेल्या पिनांतून करंट जातो आणि त्या काही वेळात सडतात. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी थेट ईसीएमवर आणि कपलरांवर मारू देऊ नका, हेही त्यातच आलं.

आणि खराब झालाच तर तोच बोर्ड दुरुस्त होतो का हे आधी बघा. इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर जळाला असेल किंवा एखाद-दुसरा ट्रॅक सडला असेल तर जाणकार माणूस तो बदलतो. फायदा असा की चावीचा इमोबिलायझर (चोरीपासूनचं इलेक्ट्रॉनिक कुलूप), गाडीचा चेसीस नंबर, इंजेक्टरचे कोड हे सगळं जागच्या जागी राहतं. जुना ईसीएम भंगारातून आणून लावायचा म्हटलं तर लेबलवरचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, चावी मॅच करावी लागते, नाहीतर तुमच्या ईसीएममधला डेटा त्यात उतरवून घ्यावा लागतो. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोडही भरावा लागतो. तो न भरता चालवली तर गाडी आवाज करते, धूर काढते आणि मालक म्हणतो ईसीएम बदलूनही तसंच.

आता ट्रक. आधी मला सांगा, वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढल्या होत्या का? ईसीएमचे कपलर काढले होते का? आणि वेल्डिंगचा अर्थ कुठे लावला होता? बॉडीवर मागे वेल्डिंग आणि अर्थची क्लिप पुढे बंपरला, असं असेल तर तो करंट वाट सापडेल तिथून, ईसीएमच्या अर्थमधूनसुद्धा जातो. पद्धत अशी की दोन्ही बॅटरी टर्मिनल काढायचे, ईसीएमचे कपलर काढायचे आणि अर्थ वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुठेही बॉडीचं काम करा, हे आपण स्वतः उभं राहून करून घ्यायचं.

तरीही माझा पहिला अंदाज रंगावर आहे. चेसीसला रंग मारतात, अर्थची पट्टी परत त्या रंगावरच बोल्टने आवळतात, आणि रंगातून वीज जात नाही. बॅटरीकडून चेसीसला, चेसीसकडून इंजिनला आणि केबिनला जाणारी प्रत्येक पट्टी काढा, खालचा रंग पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. हे झाल्यावरच स्कॅनर लावा.

ट्रकमध्ये कोड वेगळ्या भाषेत येतो, एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे. एसपीएन कोणती वस्तू ते सांगतो: ९१ म्हणजे ॲक्सिलरेटर पेडल, १०२ बूस्ट प्रेशर, १५७ रेलचं प्रेशर, १६८ बॅटरीचं व्होल्टेज. एफएमआय काय झालंय ते सांगतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली. तुमचं रेझ न घेणं बघता ९१ येईल असं वाटतं. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतं. हे प्रमाण बिघडलं की ईसीएम पेडलवर विश्वास ठेवत नाही आणि गाडी घरी नेण्यापुरता रेझ देतो. पेडल हळूहळू दाबत दोन्ही व्होल्टेज मीटरवर बघा, मध्येच तुटत असेल तर पेडल. १०२ आला तर कपाळाला हात लावण्याआधी टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज बघा. काम करताना क्लिप सैल राहिली असेल तर लोडला दम राहत नाही, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा काही संबंध नसतो.

तसंच, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून टेप किंवा लाइट लावलेत का? असतील तर काढा. एक बॅटरी उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि १६८चे कोड येत राहतात. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. बाजारातला १२ व्होल्टसाठी बनवलेला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर ट्रकच्या सॉकेटला लावू नका. आणि ट्रकच्या २४ व्होल्टवरून एसयूव्हीला जंप स्टार्ट तर कधीच नाही. त्यात मात्र ईसीएम खरोखर जातो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी सवयही सोडा, त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ते ईसीएमवर जाऊन बसतं.

अजून एक, आणि ही विनंती तुमच्या मिस्त्रींनाही पोहोचवा. पंप-नोझलच्या गाडीत कुठला सिलिंडर मिसिंग करतोय हे बघायला चालू इंजिनवर नोझलची नळी सैल करायचो. कॉमन रेलमध्ये हे करू नका. चालू इंजिनच्या रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं. त्या फटीतून निघालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं, बोट गमवायची वेळ येते. इंजेक्टरच्या वायरीवरही चालू इंजिनवर ६०-८० व्होल्टचे झटके असतात. सिलिंडर तपासायचा तर स्कॅनरवर इंजेक्टर एकेक बंद करून बघा.

एसयूव्हीचा क्रँक सेन्सर आधी बदला. बॅटरीची वायर काढून कोड उडवू नका, आधी कोड आणि त्या वेळचं तापमान, आरपीएम हे फ्रीझ फ्रेममधून (कोड आला त्या क्षणाच्या ईसीएममधल्या नोंदीतून) कागदावर उतरवा. ट्रकचे अर्थ घासून झाल्यावर मला चार आकडे कळवा: सेल्फ मारतानाचं बॅटरीचं व्होल्टेज, ब्लॉक आणि निगेटिव्हमधलं व्होल्टेज, पेडलचे दोन्ही आकडे (पेडल सोडलेलं असताना आणि पूर्ण दाबलेलं असताना), आणि एसपीएन-एफएमआयची जोडी. त्याशिवाय बॅटरी काढून ठेवून कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींमधला रेझिस्टन्सही मोजा. तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर) किंवा वायर सुटलीय, आणि रंगकामात केबिनखालचा एखादा कपलर नीट बसलेला नाही का, ते सगळ्यात आधी तिथेच वाकून बघा.